सत्तेचाळिसावा दाणा

तीन फेब्रुवारी. भाजलेले सोयाबीन लागतात खरं तर,
मी मंडईतून फुटाणे आणले, सालासकट.
ऋजुता म्हणाली, चालतील,
सेन्सेईंना नाही कळणार.

राक्षस घरातल्या थोरल्यानं व्हायचं.
पुठ्ठ्याचा मुखवटा, लाल पोस्टर कलर,
आतल्या बाजूला अजून चाकणच्या कंपनीचं नाव:
नोव्हेंबरात टेबल आवरून आणलेलं
तेच खोकं कापलंय तिनं.

"ओनी वा सोतो!"
म्हणजे इडापीडा बाहेर.
मूठमूठ फुटाणे कपाळावर, कानावर.
जोरात मार, म्हटलं मी.
मारले. दार लागलं, आतून कडीसुद्धा.

जिन्यातला दिवा गेलेला.
कान्हेरे दळणाचा डबा घेऊन चढत होते,
मुखवट्याकडे बघून म्हणाले,
"काय, किल्ली विसरलात?"
हो म्हटलं.

आत ती खोल्याखोल्यांतून
भाग्याला हाका मारत होती, फुकु वा उची,
स्वयंपाकघरात, मोरीत, माझ्या कपाटापाशी जरा जास्त वेळ.
मग कडी निघाली.
"आता बाबा या."

वयाइतके दाणे खायचे, वर एक पुढच्या वर्षाचा.
सेहेचाळीस चावले, दाढ दुखेपर्यंत.
उरलेला तिनं साल काढून दिला.
उद्या भोसरीला जायचंय साडेदहाला;
इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात
टाकून ठेवलाय.