चीन कसा होता

उद्यमनगरात शटर वर केलं.
लेथवर नऊ दिवसांची धूळ, चकवर गंजाची पातळ साय.
झाडू हातात घेतोय तोवर पिराजी चहा घेऊन हजर.
"काय भावा, चीन कसा होता?"

शंभर मजली इमारती, नदीखालनं जाणारी रेल्वे
हे सगळं मोबाइलवर त्यानं माझ्याआधीच बघितलेलं.
म्हणालो, "तिथं पाणी गरम देतात."
"कसलं पाणी?"
"प्यायचं."
पिराजीनं माझं तिकीट, व्हिसा, हॉटेल
सगळं डोळ्यांतल्या डोळ्यांत जमेस धरलं
आणि बशीतला चहा एका घोटात संपवला.

आता त्याला कसं सांगू.
ग्वांगझौला उतरलो, तर ठसे घेणारी काच
मला ओळख दाखवायला तयार नाही.
तीस वर्षं कास्टिंग घासून बोटांवरच्या रेषा गेल्यात.
इथं रेशनच्या दुकानातही माझा अंगठा लागत नाही,
पण इथं दुकानदार आडनावानं हाक मारतो.
तिथं मागं रांग वळवळायला लागली.
मग काचेपलीकडची पोरगी उठून बाहेर आली,
ओल्या कागदानं एकेक बोट पुसत गेली,
पोराचा शेंबूड पुसावा तशी,
हसली नाही, रागावली नाही.
उजव्या तर्जनीचं पेर प्रेसनं नेलंय.
तिथं जरा थांबली,
नसलेली जागाही पुसली,
पुढं गेली.

दोन दिवस मी आणि इलाही मुजावर
शेंगदाण्याच्या चटणीवर.
एका हॉटेलात मोबाइलला सांगितलं,
मटण नको, आज माझा गुरुवार आहे.
मोबाइल त्यांच्या भाषेत काय बोलला देव जाणे.
पोऱ्या आत गेला, कॅलेंडर घेऊन आला,
एका चौकोनावर बोट ठेवलं.
मोबाइल म्हणाला, "आज बुधवार आहे."
आणि खरंच बुधवार होता.
माझाच एक वार विमानात इकडचा तिकडं झालेला.

तिसऱ्या दिवशी इलाही बोळाच्या तोंडाशी थबकला.
हिरवी पाटी. चिनी अक्षरांच्या डोक्यावर एक बारकी ओळ.
ओठ हलवत त्यानं ती वाचली,
शिरोलीत लहानपणी छडी खाऊन शिकलेली अक्षरं.
"अर्थ काय?"
"अर्थ कुठला. आवाज येतोय नुसता."
आत पांढऱ्या टोपीतला माणूस पिठाचा गोळा ओढत होता,
एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ,
आमच्याकडं तार ओढतात तसं, पण मोटर न लावता.
इलाही म्हणाला, सलाम.
तोही म्हणाला, हात पिठातच ठेवून.
एवढंच दोघांचं बोलणं.
वाडगं पुसून खाल्लं. सोबत गरम पाणी.

पैसे द्यायला गेलो तर नोट कुणी घेईना.
मागच्या म्हातारीनं आपल्या फोनवर भरून टाकले,
आमची नोट घडी घालून ठेवली.
आम्ही रस्ता ओलांडून पलीकडं पोचलो,
तर ती धापा टाकत मागं आलेली,
मुठीत सुट्टे.

"मशीन घेतलं काय मग?" पिराजी.
"न्हाई."
कॅल्क्युलेटरवर तो आकडा दाबायचा, मी पुसून माझा दाबायचो.
चार दिवस आम्ही तसेच बोललो.
शेवटी त्यानं कॅल्क्युलेटर बंद केला
आणि मला जिन्यापर्यंत सोडायला आला.

रात्री घरी गरम पाणी मागितलं.
मालननं कपाळाला हात लावून बघितला.
सकाळी शर्ट धुताना खिशात तिला कार्ड सापडलं,
भिजलेलं, उभ्या-आडव्या रेघांचं.
"हे काय?"
"हॉटेलचा पत्ता. हरवलो तर दाखवायचा."
"मग हितं कशाला बाळगलाय?"
मला काही सुचलं नाही.
तिनं ते उलटंसुलटं करून बघितलं,
सरळ बाजू कुठली ते तिलाही कळेना,
आणि खिडकीत, वाळत घातलेल्या मिरच्यांच्या कडेला
वाळायला ठेवलं.