बाळकुमचा नाला

परिपत्रक तीन ओळींचं:
पर्यावरणीय कारणास्तव
पशुखाद्यावरील अनुदान बंद.
ठाण्याच्या कचेरीतून मी आलो, पोच घ्यायला.

पदूबाईच्या अकरा म्हशी. प्रत्येकीच्या कानात
मीच टोचलेला पिवळा बिल्ला.
मला आकडे पाठ;
ती ओळखते धारेच्या आवाजावरून.

सरकीची पोती मोजत म्हणाली,
"साएब, शेण तर तवाबी शेणच होतं.
गोठा वाढव, सरकार हाय पाठीशी,
सांगायला तूच आलेलास ना, फटफटीवर?"

मी पेन काढलं. टोपण सापडेना.

मागे नाला, हिरवट, जाड,
कुणाला न विचारता खाडीकडे निघालेला.
ती काठावर उभी राहिली ओचा खोचून,
जणू आत्ता उतरेल.
पोरवयात इथेच चिखलात कोपरापर्यंत हात घालून
निवट्या काढायची म्हणे,
पदर भरून.

अंगठा उठवला. उरलेली शाई
म्हशीच्या पाठीला पुसली.
मग, शेजारच्या गोठ्यात ऐकू जाऊ नये अशा आवाजात:
"आता निवट्या येतील का रं?"

परिपत्रकात तसा उल्लेख नाही.

निघताना नेहमीसारखं लिटरभर दूध दिलं.
पैसे
पहिल्यांदाच मागितले.