हरकत क्रमांक चौदा

सुनावणी अकराची. साहेब पावणेबाराला आले.
तोवर जिन्यावर चपलांची दाटी,
आणि आत सभागृहात बेचाळीस अंशांवर तीन पंखे,
त्यातला एक नुसताच आवाज करणारा.

विषय: स्टेशन रोडवर स्वागत कमान.
अंदाजपत्रक अठ्ठेचाळीस लाख सत्तर हजार,
लेखाशीर्ष शहर सौंदर्यीकरण.
मुदतीत आलेल्या हरकती तेवीस.
मी इतिवृत्त लिहिणारा, कनिष्ठ लिपिक.
माझं मत कोणत्याच रकान्यात बसत नाही.

पहिले सात दुकानदार.
कमानीचा उजवा पाय नेमीचंदशेठच्या पाटीसमोर येतो,
डावा थेट रसवंतीच्या चरकावर.
साहेब म्हणाले, तांत्रिक बाब आहे, अभियंता बघतील.
अभियंता खिडकीबाहेर बघत होते.

नऊ नंबर, निवृत्त बोरसे गुरुजी.
उलटा धरलेला नकाशा त्यांनी सुलटा केला,
चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले,
'हार्दिक'ची वेलांटी पहिली, साहेब.
तुम्ही दुसरी दिलीय,
तीही तीस फुटांवर, सिमेंटात.
हरकत मान्य.
दिवसभरात मान्य झालेली तेवढी एकच.

चौदा. कस्तुराबाई झुलाल भोई.
अर्जावर अंगठा नाही, सही. नातवाने शिकवलेली,
अक्षरं नळावरच्या हंड्यांसारखी
एकामागे एक, थोडी तिरपी.
तिने माईक घेतला नाही. तसा तो बंदच होता.

"जठे तुमना खांब, तठे आमना नळ शे.
नववा दिनले पानी येस, रातले दोन वाजता.
आम्ही तठेच बठतस, गोधडी लिसन.
कमान कोनाकरता? पाव्हनासकरता ना?
मंग सांगा साहेब, पाव्हना घर उना
ते त्याले पहिले काय देतस?
पानी, का कमान?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं, मग थांबलं.
साहेबांनी पेल्यावरचं झाकण उचललं
आणि न पिता परत ठेवलं.
साहेब साताऱ्याकडचे. माझ्याकडे वळले:
काय म्हणाल्या त्या?

मी उभा राहिलो.
पाणीपुरवठ्याबाबत त्यांचं म्हणणं आहे, सर.

घरी मी आईशी याच भाषेत भांडतो.
याच भाषेत रात्री बायको उठवते:
ऊठ, नळ उना.
आणि टायपाला बसलो की बोटांना
तिच्यातलं एक अक्षर सापडत नाही.

बाई माझ्याकडे बघत होती.
"मी इतलंच सांगं का रे भो?"

त्या रात्री मी ते सगळं
जसंच्या तसं टाइप केलं, पान अकरा, मधोमध.
सकाळी पान परत आलं, पेन्सिलीने गोल करून:
भाषा कार्यालयीन नाही. विषयाशी संबंध नाही. वगळा.
वगळलं.
तेरानंतर पंधरा.

वर मात्र राहिलं, प्राप्त हरकती तेवीस,
खाली, निकाली काढलेल्या बावीस.
ही बेरीज मी जुळवली नाही.
कोणी विचारलं तर म्हणेन, नजरचूक.

कमान झाली. नळ सरकवला
गटाराच्या पलीकडे, फरशीवरून उडी मारून जायचं.
वेलांटी पहिली आहे, अगदी शुद्ध.
रात्री तिच्यावर दिवे असतात,
त्या उजेडात हंडे ओळखू येतात कोणाचे कुठले,
हे कबूल करायला हवं.

कधीतरी लेखापरीक्षक येतील नाशिकहून,
धुळीने भुरकट, कमानीखालून.
पान अकरावर नेमकं बोट ठेवतील:
एक हरकत गेली कुठे?

मी खुर्ची पुढे सरकवीन.
पेला विसळीन, भरीन, दोन्ही हातांनी देईन.
कितव्या दिवसाचं पाणी आहे,
ते त्यांनी विचारलं तरच.