सहा फूट दोन इंच

गुरुवारी भोसरीत लाईट नसते,
त्या दिवशी मी गिऱ्हाइकांशी बोलतो.
बाकी सहा दिवस ग्राइंडर बोलतो.

आधी ॲम्ब्युलन्स बांधायचो. तेरा वर्षं.
त्यामुळं आडव्या माणसाचं माप तोंडपाठ :
लांबी सहा फूट दोन इंच, रुंदी बावीस.
आता त्याच मापात लोक सुट्टी मागतात.

हिंजवडीचं जोडपं आलं, मोबाईलमध्ये फोटो घेऊन.
टपावर डेक, आत शॉवर, ओव्हन,
मागं अख्खी काच, उशीवरून डोंगर दिसायला.
म्हटलं, मग बसचा सांगाडा घ्या, तेवीस फुटी.
पण वरंध्याच्या वळणावर समोरून एसटी आली
तर रिव्हर्स कोण घेणार?
दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं.
शेवटची सुट्टी कुठं काढली होती?
महाबळेश्वर. हॉटेलात.
तीन दिवस खोलीबाहेर पडलो नाही, ती म्हणाली
आणि हसली.
तो हसला नाही.
यांना चाकं नकोत, मी मनात म्हटलं,
यांना आतून लागणारी कडी हवीय.
ॲडव्हान्स मात्र घेतला नाही. या म्हटलं, महिन्यानं.

उपळेकर सरांना ट्रेलर हवा होता, जीपमागं जोडायला.
आयुष्यभर मातीचे नमुने गोळा केले,
खिशात अजून एक पुडी असते.
ट्रेलर म्हणजे शेपूट, सर.
मुक्कामाला सोडायची नि मोकळं हिंडायचं.
एका गावात दोन रात्री राहता का कधी?
छे.
मग शेपूट कशाला?
टपावरचा तंबू बघा. पण शिडी आहे. गुडघे?
दोन आहेत, म्हणाले.
शेवटी सीटच पाडून दिली, खाली पुड्यांचे खण.
चाळीस खण. जेवणाचं सामान कुठं ठेवायचं
ते त्यांनी विचारलं नाही,
मीही विसरलो.

आणि कौसल्याबाई ढमढेरे.
पीएमटीत कंडक्टर, निगडी–कात्रज, बावीस वर्षं उभ्यानं.
निवृत्तीच्या पैशातून जुनी ईको घेतली,
अठ्ठावन्नाव्या वर्षी लायसन काढलं.
मिस्टर येणार?
त्यांना गाडी लागते. धनकवडीच्या पुढं उलटी.
ते घरीच बरे, मी फोन करीन.

शॉवर?
बादली आहे.
खिडकीला जाळी?
डासांना तिकीट नाही माझ्याकडं.
एक बर्थ, एक शेगडी, पाण्याचा वीस लिटरचा कॅन.
आणि दोरी.
कसली दोरी?
घंटीची.
एक टण्ण थांबा, दोन टण्ण चला.
मी म्हटलं, बाई, गाडीत तुम्ही एकट्या,
वाजवणार कोण, ऐकणार कोण?
तर म्हणाल्या, बावीस वर्षं मी वाजवायची
आणि दुसराच कुणीतरी थांबायचा.
बसव तू.

बसवली. हात वर केला की पोचेल अशी.
गुरुवारी न्यायला आल्या. सगळी लेन गप्प,
कॉम्प्रेसर गप्प, समोरचा प्रेसही गप्प.
गेटाबाहेर काढताना इंडिकेटर उलटा दिला,
मग बरोबर दिला.
टण्ण टण्ण.
लांडेवाडीकडं वळेपर्यंत ऐकू येत होतं.
तिथं एकदाच वाजली.
बहुतेक भाजीवाला असणार, किंवा सिग्नल.

मी आत आलो. माप घ्यायची टेप हातातच होती.
मागं एक ओम्नी पडलीय दोन वर्षं, इंजिनाविना.
तिच्यात मी डबा खातो.
फळी टाकून पाहिली. सहा फूट दोन इंच.
माझी उंची पाच फूट चार.
म्हणजे पायाशी दहा इंच उरतात.
डबा बसतो तिथं. चपला बसतात.
इंजिन बसवायचं तर किती लागतील,
ते मी गिऱ्हाइकाला सांगतो तसं
स्वतःला जरा वाढवूनच सांगितलं.