वाटा

प्रणित जहाजावर गेला तेव्हा
काचेवर चिकटपट्टीने कागद लावून गेला:
सकाळी गोळ्या सहा, मोजून.
संध्याकाळी चिमूटभर फ्लेक्स.
गुरुवारी उपास.
आणि खाली दोन रेघा ओढून,
आई, जास्त घालू नकोस.

मी ठाण्याच्या बाजारात तेवीस वर्षं बसते.
वाटा लावताना हात कधी आखडला नाही.
वर दोन मांदेल्या टाकल्याशिवाय
माझं गिऱ्हाईक उठत नाही,
आणि हा मला सांगतो, सहा.

मी दहा टाकल्या.
मग चार दिवसांनी मूठ.
खाल्लं त्यांनी, नाही असं नाही.
उरलेलं तळाला बसलं, पाणी दुधाळ झालं,
सकाळी दोन प्लॅटी आडव्या.

मेलेला मासा मला नवा नाही.
तरी त्या दोघी तळहातावर घेऊन
ओट्याशी उभी राहिले.
सवयीने कल्ले उघडून बघितले.
ताज्या होत्या.

कोपरीच्या दुकानातला रिझवान म्हणाला,
मावशी, टाकीतला मासा उपाशी मरत नाही,
लाडाने मरतो.

मग शिकले.
शेजारच्या टाकीत एकटा राहतो तो ऑस्कर,
त्याला सुका जवळा, तीनदा धुऊन, खार काढून.
श्रावणात आम्ही घरात मासळी शिजवत नाही.
तो खातो. माझ्याकडे बघत बघत खातो.
नाल्यातल्या लाल अळ्या मात्र मी आणत नाही,
रिझवान कितीही स्वस्त देवो.
नाला मी पाहिलाय.

भादव्यात गौरामीच्या नराने
पाण्यावर बुडबुड्यांचं छप्पर घातलं
आणि तिसऱ्या दिवशी त्याखाली
पापणीचे केस तोडून टाकावेत तशी पिल्लं.
कागदावर पिल्लांचं काही नव्हतं.
प्रणितचा फोन लागत नव्हता.

पहिले दोन-तीन दिवस काही घालायचं नाही,
पोटाशी शिदोरी बांधूनच येतात.
पुढे मात्र तोंड एवढंसं
की गोळीची पूडही त्यांना दगड.
रिझवानने त्याच्या बरणीतलं हिरवं पाणी अर्धं दिलं,
विरजण द्यावं तसं.
त्यात कोबीचं पान टाकून मी गॅलरीत ठेवलं.
बोंबलाच्या वासात जन्म गेला माझा,
त्या बरणीपुढे नाक धरलं.
त्या घाणीतच म्हणे त्यांचं दूध असतं,
डोळ्यांना न दिसणारं, वळवळणारं.
ड्रॉपरने थेंब थेंब, दिवसातून चारदा.
मध्ये उकडलेल्या अंड्याचा बलक
मलमलीतून गाळून,
सुईच्या टोकावर राहील एवढा.
एवढाच वाटा.
बाजारात लावला असता तर
बायका हसल्या असत्या.

मग आर्टेमियाची डबी. साडेचारशे रुपये,
आत तपकिरी धूळ.
उलट्या बाटलीत खडेमीठ, पाणी, पंपाची नळी,
दीड दिवस बुडबुड बुडबुड.
मोबाइलचा दिवा बुडाशी धरला
तर सगळी धूळ जिवंत होऊन
उजेडाकडे आली, केशरी.

मी ओळखलं त्यांना.

बाबा मीठबंदरापलीकडे मिठागरात कामाला होते.
मी डबा घेऊन जायचे.
उन्हाळ्यात कोंडीतलं पाणी तांबूस व्हायचं,
ओंजळीत घेतलं की गुदगुल्या.
बाबा म्हणायचे, टाक ते, काही नाही, किडे आहेत.
त्यांच्या पायांच्या भेगांत मीठ असायचं,
ते घरी येऊन आधी पाय धुवायचे, मग जेवायचे.
साडेचारशे रुपये, बाबा.
चमचाभर.

फडक्यात गाळून, खार धुऊन घातले.
पिल्लं आधी बिचकली, मग एकाने झडप घातली.
काचेसारखी अंगं त्यांची,
घास आत जाताना दिसतो.
थोड्या वेळाने पातेलंभर केशरी ठिपके,
प्रत्येकाचं पोट वेगळं वेगळं पेटलेलं.
एक मागे राहिलं होतं कडेला, रिकामं,
त्याच्या तोंडाशी ड्रॉपर नेला.
नाही घेतलं.

रात्री फोन लागला.
वाऱ्याचा आवाज, मग प्रणित:
सहाच टाकतेस ना?
हो म्हटलं.
पिल्लांचं सांगणार होते, तेवढ्यात
त्याने विचारलं, तू जेवलीस का.
नाही, म्हटलं, बसतेच आता,
आणि बाटली धुवायला घेतली.
पहाटे चारला उठायचं होतं,
सुरमई यायची होती.