गाऱ्हाणं

दर जूनला वाळपईहून तक्ते येतात:
ताट कसं असावं, झोप किती असावी,
आणि एक हसरा मुलगा, ज्याला एकही मुरूम नाही.
दहावीची पोरं तक्त्यासमोर बसतात
तक्त्याइतकीच गप्प.

मग एका शनिवारी मी काठी नेली,
साधीच, भेडल्या माडाची.
आणि बाबलो धनगराकडून उसनी घोंगडी.
शाळेमागे काजूखाली एक दगड मांडला.
म्हटलं, हा शिमेवरचा.
पोरं हसली.
पण चपला मात्र न सांगता काढल्या.

नियम एवढाच:
काठी ज्याच्या हातात त्याने गाऱ्हाणं घालायचं,
बाकीच्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा.
दुसरं काही नाही.
'अगं पण' नाही,
'माझ्या चुलतभावाचं पण असंच' नाही.

पहिले तीन शनिवार नुसता दंगा.
"बा देवा म्हाराजा, ह्या तन्वेश माजिकाला
गणितात पस्तीस तरी पडू देत—"
व्हय म्हाराजा!
"पोदेर उशिरा येतो, पाव थंड असतात—"
एल्सनचं हे गाऱ्हाणं तर दोनदा झालं.

चौथ्या शनिवारी काठी शमिताकडे.
तिने ती आपटली नाही.
घोंगडीआडून नुसता आवाज आला:
"मी पेज परसात ओतते.
आरशात बरगड्या मोजते.
अजून दोन दिसत नाहीत."

घंटा झाली. कुणी उठलं नाही.
मग तन्वेशच्या फुटत्या गळ्यातून एक व्हय.
मग एल्सनचा.
मग सगळ्यांचा,
म्हाराजा न लावता.

व्हय म्हणजे औषध नव्हे, हे मला कळतं.
देवचार रात्रभर शीम फिरतो म्हणतात,
पण त्याच्याही वहाणा झिजतात,
आणि नव्या गावानेच करून द्यायच्या असतात.

सोमवारी सात-चाळीसची कदंबा.
शमिता खिडकीशी, तिची आई, मी,
आणि 'असाच' आलेला तन्वेश.
म्हापशाच्या इस्पितळात भिंतीवर तोच मुलगा,
मुरूम नसलेला.
खिडकीतल्या कारकुनाने
कागदावरून नजर न काढता विचारलं,
तक्रार काय?

आई माझ्याकडे बघायला लागली.
मी काही बोलले नाही. काठी माझ्याकडे नव्हती.

शमिताने छत्रीचं टोक
फरशीवर आपटलं, एकदाच,
आणि सांगायला लागली.

मागच्या बाकावर कुणीतरी पुटपुटलं,
ह्या वेळी म्हाराजासकट.

कारकुनाने मान वर केली.