शेरा

लक्ष्मीपुरीत धान्याच्या पेढीवर
एकतीस वर्षं खतावणी लिहितोय मी.
आवक, जावक, तूट, आणि शेवटच्या रकान्यात शेरा:
पोतं फाटलं. ओल धरली. उंदीर लागले.
तूट दिसली की कारण पाहिजे,
त्याशिवाय शेठ सही करत नाहीत.

सन्मती पोल्ताव्ह्याहून परत आली,
डॉक्टरकी अर्धी, बॅग एक.
दुपारी माझा डबा घेऊन पेढीवर बसली होती.
भाऊपाल हमालानं नमुना काढायला
पोत्यात परखी खुपसली, सर्रकन,
तशी पोरगी उठली आणि
रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

रात्री म्हणाली, आप्पा,
माझ्या घरमालकिणीची आई, परास्का.
तिच्या घरात असलीच सळई घेऊन माणसं आली होती.
भुईत खुपसली, चुलीच्या भिंतीत,
पाळण्यातल्या गादीत सुद्धा.
मडक्यात मूठभर घेवडा निघाला.
तो मोजून, लिहून घेऊन नेला.

मी दिवाणजी. विचारलं, साल कुठलं?
बत्तीसचा हिवाळा, तेहतीसचा वसंत.
पाऊस?
पडला होता. पीक कमी होतं,
मरण्याइतकं कमी नव्हतं.
टोळधाड?
नाही, आप्पा.
जमीन?
शिरोळच्या मळीपेक्षा काळी.

मग शेऱ्यात काय लिहू?

ती सांगत गेली,
मी पाठकोऱ्या बिलावर उतरवत गेलो.
आकडा लांबच्या राजधानीत ठरला,
कुणी शेत बघायच्या आधी.
आकडा भरेना, तेव्हा बियाणं त्यात धरलं.
त्याच्याही आधी बैल, नांगर, बांध सरकारजमा.
नाही म्हणेल तो बायकापोरांसकट बर्फात,
म्हणजे ज्याला पेरणीची वेळ कळायची तोच गेला.
गाव काळ्या यादीत चढलं
की मीठ बंद, काडेपेटी बंद, रॉकेल बंद.
कापल्या रानातल्या लोंब्या वेचल्या तर चोरी.
चोरीला दहा वर्षं, नाहीतर गोळी.

आणि गहू?
होता की. बंदरात होता, बोटीत होता,
यंत्रांच्या बदल्यात परदेशी चालला होता.

मी म्हणालो, अगं, पोट पाठीला लागलं
की माणूस वाट धरतो.
तिकीट बंद केलं, आप्पा. स्टेशनावर पहारा.
जे निघाले त्यांना धरून
परत त्याच गावात आणून सोडलं.

इथं माझं पेन थांबलं.
तूट मला कळते. चोरी कळते. खोटा काटाही कळतो.
उपाशी माणूस त्याच्या उपासात परत नेऊन ठेवायचा,
ह्याला माझ्याकडं रकाना नाही.

त्याच महिन्यांत मास्तर उचलले, म्हणाली,
त्यांच्या भाषेतली पुस्तकं कपाटांतून काढली.
मोजणाऱ्यांना धान्याचीच हाव नव्हती नुसती.
ही माणसं स्वतःला निराळं नाव घेत होती,
त्याची भीती होती.

परास्काचा धाकटा भाऊ चार वर्षांचा होऊन गेला.
दाखल्यावर शेरा: कारण अज्ञात.

आतल्या खोलीत हिचं दशलक्षण चाललेलं,
पाण्यावरचा तिसरा दिवस.
ओट्यावर आमच्यासाठी भाकऱ्या झाकलेल्या.
म्हणजे भाकरी आहे, आणि मागं घेतलेला हात
आपला आहे. त्याला उपास म्हणायचं.
उपासमार हा शब्द मी पेपरात हजारदा वाचला,
त्यातला मार कधी ऐकू आला नव्हता.
मार म्हटला की
मारणारा आला.

सकाळी खतावणी उघडली.
ज्वारी, सत्तेचाळीस पोती, तूट अडीच किलो.
हात सवयीनं उंदीर लिहायला निघाला.
पेन ठेवलं, भाऊपालकडून बॅटरी घेतली,
गोदामात शेवटच्या थप्पीमागं वाकून बघून आलो.

उंदीरच होते.